व्हिसा २०३१ पर्यंत, मुक्काम १४ ऑक्टोबरपर्यंत: परदेशात मुदतवाढ कशी मागायची

मावशी पडली तो दिवस २५ सप्टेंबरचा. एप्रिलमध्ये ती अमेरिकेत लेकीकडे गेली होती. बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दोन दिवसांनी वॉकर धरून उभीही राहिली. पण निदान आठ आठवडे लांबचा विमानप्रवास करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. २८ तारखेला फोनवर सगळी विचारपूस झाल्यावर मी विचारलं, "मावशी, तुला तिथं राहायची परवानगी कधीपर्यंत आहे गं?" ती म्हणाली, "अरे, त्याची काळजी नको. माझा व्हिसा २०३१ पर्यंतचा आहे."

मी मावसबहिणीला म्हटलं, फोन ठेव आणि आधी आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद, उघडून बघ. तिनं अमेरिकन सीमाशुल्क खात्याच्या वेबसाइटवर पासपोर्ट नंबर टाकून नोंद काढली. १४ ऑक्टोबर! हातात फक्त सोळा दिवस होते.

त्या सोळा दिवसांत आम्ही जे शिकलो आणि नंतर इतरांना मदत करताना जे कळत गेलं, ते इथे लिहितो आहे. परदेशात मुदतीपेक्षा जास्त राहिलेली माणसं, निदान माझ्या पाहण्यातली तरी, कायदा मोडायच्या हेतूनं राहिलेली नव्हती. त्यांनी चुकीची तारीख बघितलेली होती.

व्हिसाची तारीख आणि मुक्कामाची तारीख

आधी ही एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत येण्याची परवानगी. त्यावरची शेवटची तारीख सांगते की या दिवसापर्यंत तुम्ही दारात उभे राहू शकता. आत किती दिवस राहायचं, हे बऱ्याच देशांत दारात बसलेला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो किंवा नियमानं आधीच ठरलेलं असतं. ही दुसरी तारीख वेगळी असते, वेगळ्या ठिकाणी लिहिलेली असते, आणि ओव्हरस्टे, म्हणजे मुदतीपेक्षा जास्त झालेला मुक्काम, मोजला जातो तो हिच्यावरून.

अमेरिकेत पर्यटकाला म्हणजे बी-२ व्हिसावाल्याला दर वेळी प्रवेश करताना साधारण सहा महिने मिळतात. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका फेरीचा मुक्काम तेवढाच. पूर्वी ही तारीख पासपोर्टमध्ये टाचलेल्या छोट्या पांढऱ्या कार्डावर असायची, म्हणून डोळ्यांसमोर राहायची. २०१३ पासून विमानतळांवर ते कार्ड देणं बंद झालं आणि नोंद संगणकात गेली. ती आपण स्वतः उघडून बघायची असते, कुणी पाठवत नाही. शिक्क्यावर हातानं लिहिलेली तारीख आणि संगणकातली तारीख जुळत नसेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्यावी. सहा महिन्यांनी ती चूक कुणाची होती हे पटवत बसणं अवघड जातं.

ब्रिटनमध्ये पर्यटक व्हिसा दोन, पाच किंवा दहा वर्षांचाही मिळतो, पण एका भेटीत साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. कॅनडात पासपोर्टवर वेगळी तारीख लिहिलेली नसेल तर प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने धरतात. ऑस्ट्रेलियात व्हिसा कागदावर चिकटत नाही. मंजुरीच्या पत्रात कधीपर्यंत देशात शिरायचं आणि शिरल्यावर किती महिने राहायचं, अशा दोन वेगळ्या ओळी असतात. पत्र हरवलं तर त्यांच्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेत, जिला 'वेवो' म्हणतात, आपला व्हिसा आणि त्याच्या अटी बघता येतात.

युरोपातल्या २९ देशांच्या सामाईक शेंगेन व्हिसावर दोन्ही गोष्टी एकाच स्टिकरवर असतात आणि तरी तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. 'पासून-पर्यंत' असा एक कालावधी असतो आणि खाली दिवसांचा आकडा असतो, समजा १५. कालावधी ३० दिवसांचा दिसला म्हणून माणूस ३० दिवसांचा बेत आखतो. प्रत्यक्षात त्या ३० दिवसांच्या चौकटीत कुठलेही १५ दिवस राहायची मुभा असते, तेवढीच.

दिवस मोजताना

तीन महिने आणि ९० दिवस सारखे नाहीत, सहा महिने आणि १८० दिवसही सारखे नाहीत. परवानगी दिवसांत दिली असेल तर दिवसच मोजायचे, बोटावर नाही, कॅलेंडरवर. १ जुलैला उतरलात आणि ९० दिवस मिळाले, तर जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ मिळून ६२ झाले. उरले २८. म्हणजे शेवटचा दिवस २८ सप्टेंबर. '१ जुलै ते ३० सप्टेंबर, तीन महिने' असं मनात धरणारा इथे दोन दिवसांनी चुकतो. उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस हे दोन्ही शेंगेनमध्ये मोजले जातात, हेही लक्षात असू द्या.

शेंगेनचा '१८० दिवसांत ९०' हा नियम जरा शांतपणे समजून घेण्यासारखा आहे. हे १८० दिवस जानेवारी ते जून असे ठरलेले नाहीत. तुम्ही तिथे असलेल्या प्रत्येक दिवशी अधिकारी मागे वळून १८० दिवस बघतो आणि त्यात तुम्ही एकूण किती दिवस तिथे होता ते मोजतो. समजा, तुमच्याकडे अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा आहे. १ मार्चला गेलात आणि २९ एप्रिलला निघालात, म्हणजे ६० दिवस झाले. महिनाभर बाहेर काढून १ जूनला परत गेलात. आता नवे ९० दिवस मिळाले असं वाटतं. पण मागे बघितलं की ते ६० दिवस अजून चौकटीतच आहेत. हातात फक्त ३० उरलेत, ३० जूनला निघावं लागेल. मार्चचे ते जुने दिवस चौकटीबाहेर पडायला सुरुवात होते ती थेट २८ ऑगस्टला. हा नियम २९ देशांना मिळून एकच आहे, त्यामुळे फ्रान्समधून इटलीत गेल्यानं मोजणी नव्यानं सुरू होत नाही. हिशेब करायला युरोपियन कमिशनच्या वेबसाइटवर मोफत कॅल्क्युलेटर आहे, तो वापरा. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे पासपोर्टवरच्या शिक्क्यांऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद ठेवणारी नवी प्रणाली टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. पुसट शिक्का बघून कुणी तरी सोडून देईल, ही आशा आता धरू नये.

आणखी एक बारीक गोष्ट, पण तिच्यात पुष्कळ लोक सापडतात. विमान रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी असेल तर तिकिटावर दुसऱ्या दिवसाची तारीख असते. मुक्काम ११ तारखेला संपतो आणि तिकीट '१२ तारीख, ००:४०' असं आहे, तर इमिग्रेशनच्या काउंटरवरून तुम्ही मध्यरात्रीआधी पलीकडे गेलात का, हे बघितलं जातं. लांब रांगेत उभं राहता राहता घड्याळात बारा वाजले तर एक दिवसाचा ओव्हरस्टे लागू शकतो. शेवटच्या रात्रीचं विमान घेऊच नये, हे माझं ठाम मत. दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत.

मुदतवाढ मागायची म्हणजे काय करायचं

देश कुठलाही असो, एक गोष्ट जवळपास सगळीकडे सारखी आहे: अर्ज मुदत संपण्याच्या आत पोचला पाहिजे. मंजुरी त्याआधी आली पाहिजे असं नाही. एक दिवस आधी पोचलेला अर्ज आणि एक दिवस उशिरा पोचलेला अर्ज यांची गत पूर्ण वेगळी होते. पहिला माणूस कायद्यानं राहत असतो आणि आणखी मागत असतो. दुसऱ्याची मुदत आधीच संपलेली असते, त्यामुळे आधी उशीर का झाला ते त्याला पटवावं लागतं, मग पुढचं बोलणं.

अर्ज करायचा तो त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याकडे, तिथेच राहून. आपल्या वकिलातीकडे धाव घेणारे खूप असतात. वकिलात पासपोर्ट हरवला तर नवा किंवा तात्पुरता कागद देते, संकटात मदत करते, पण दुसऱ्या देशाचा मुक्काम वाढवून देणं तिच्या हातात नसतं.

अमेरिकेत हा अर्ज फॉर्म आय-५३९ वर करतात, ऑनलाइनही करता येतो. मुदत संपण्याच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करावा असं तिथलं खातं सुचवतं. एका वेळी सहा महिन्यांपर्यंत वाढ मागता येते. निर्णयाला कित्येक महिने लागू शकतात आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो तो इथेच: मुदत तर संपली, उत्तर आलेलं नाही, आता आपण बेकायदा झालो का? अर्ज वेळेत केला असेल, कारण खरं असेल आणि कुठं काम केलेलं नसेल, तर अर्ज निकाली निघेपर्यंतचे दिवस 'बेकायदा वास्तव्य' म्हणून मोजले जात नाहीत. अर्ज फेटाळला तर मोजणी दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, तेव्हा बॅग भरलेलीच असावी. निर्णयाआधीच देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. त्यात काही वाईट नाही. फक्त अर्जाची पावती जिवापाड जपायची.

कॅनडातही मुदत संपायच्या निदान ३० दिवस आधी अर्ज करायला सांगतात. वेळेत केला असेल तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर राहता येतं. मंजूर झाला की 'व्हिजिटर रेकॉर्ड' नावाचा कागद मिळतो. त्यावर नवी तारीख असते, पण तो व्हिसा नव्हे. तो दाखवून देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. मुदत चुकलीच तर ९० दिवसांच्या आत आपला दर्जा परत मिळवण्यासाठी अर्ज करायची सोय कॅनडात आहे. अशी उदार तरतूद फार देशांत नाही.

ऑस्ट्रेलियात वेळेत नवा पर्यटक व्हिसा मागितला की मधल्या काळासाठी साधारणपणे 'ब्रिजिंग व्हिसा' मिळतो. मात्र अर्ज करण्याआधी आपल्या व्हिसाच्या अटींमध्ये ८५०३ हा आकडा आहे का ते बघा. ही 'पुढे मुक्काम नाही' अशी अट आहे. ती असेल तर देशात राहून जवळपास कुठलाच दुसरा व्हिसा मागता येत नाही. व्हिसा मिळाल्यानंतर आपल्या हाताबाहेरची, खरोखर गंभीर परिस्थिती उद्भवली तरच ती उठवण्याची विनंती करता येते. आईवडिलांना बोलावणाऱ्या मुलांनी हा आकडा तिकीट काढण्याआधी बघावा.

ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा कमी मिळाले असतील तर एकूण सहा महिन्यांपर्यंत वाढवून घेता येतात. त्यापुढे पर्यटकाला वाढ मिळण्याची दारं फार थोडी, खासगी वैद्यकीय उपचार हे त्यातलं एक.

शेंगेन देशांमध्ये हौसेसाठी मुदतवाढ नाही, असंच समजून चाला. तिथल्या व्हिसा नियमावलीचं ३३ वं कलम सांगतं की हाताबाहेरची परिस्थिती किंवा माणुसकीचं कारण असेल तर वाढ द्यायची आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. गंभीर वैयक्तिक कारण असेल तर ३० युरो घेऊन देता येते. विमानं बंद पडणं, इस्पितळात दाखल होणं, जवळच्या माणसाचा मृत्यू, अशी ही कारणं. 'अजून दोन शहरं बघायची राहिलीत' हे त्यात बसत नाही.

थायलंडमध्ये गोष्ट बरीच सोपी आहे. पर्यटक इमिग्रेशन कार्यालयात जाऊन १,९०० बाट भरून सहसा ३० दिवस वाढवून घेतात. पण तिथेही मुदत संपायच्या आतच जावं लागतं.

व्हिसा न घेता, सवलतीवर शिरलेल्यांनी विशेष जपावं. अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेत ९० दिवस मिळतात आणि त्यांना मुदतवाढच नाही. अगदी आणीबाणी असली तर देश सोडायला ३० दिवसांपर्यंत सवड मिळू शकते, एवढंच. भारतीय पासपोर्टला ती योजना लागू नाही, पण घरात कुणाकडे युरोपातल्या देशाचा पासपोर्ट असतो आणि आईला सहा महिने मिळाले म्हणून त्यालाही मिळाले असं सगळे धरून चालतात.

अर्जात काय लिहायचं

मावशीचा अर्ज बहिणीनं भरला आणि पत्र मी लिहायला घेतलं. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात मावशीचं आयुष्य होतं, तिचं नातवंडांवरचं प्रेम होतं, त्या देशाबद्दल आदर होता. बहिणीच्या ओळखीच्या एका अनुभवी बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, यातलं अधिकाऱ्याला जे हवं ते तिसऱ्या परिच्छेदात दडलंय, ते वर आणा आणि बाकी काढा. मग पत्र पाऊण पानावर आलं. २५ सप्टेंबरला पडल्या. या तारखेला शस्त्रक्रिया. डॉक्टरांच्या मते अमुक तारखेपर्यंत प्रवास करू नये, पत्र जोडलं आहे. म्हणून १५ डिसेंबरपर्यंत राहायची परवानगी द्यावी. खर्च मुलगी करते आहे, तिच्या बँकेचे कागद जोडले आहेत. मायदेशी स्वतःचं घर आहे, पती तिथे आहेत, परतीचं तिकीट १० डिसेंबरचं आहे.

अधिकाऱ्याच्या मनात चारच प्रश्न असतात. थांबायचं का आहे? किती दिवस? तोवर खायचं-राहायचं कसं? आणि नंतर नक्की जाणार ना? प्रत्येक प्रश्नाला एक वाक्य आणि एक कागद. पासपोर्ट मागितलेल्या संपूर्ण काळात चालू असला पाहिजे, हे सगळ्यात आधी तपासायचं. तो मध्येच संपत असेल तर आधी वकिलातीत नूतनीकरणाला टाका.

किती मागायचं, यावर आमच्यात वाद झाला. बहीण म्हणत होती, सहा महिने मागू या, मिळाले तर बरंच. मी अडून बसलो. डॉक्टर आठ आठवडे म्हणत असताना सहा महिने मागितले तर कारण आणि मागणी जुळत नाही, आणि न जुळणारी गोष्ट वाचणाऱ्याच्या डोळ्यांत खुपते. जेवढं लागतं तेवढं, वर थोडी सवड. आजही मला तेच बरोबर वाटतं.

कारण आजारपणाचंच हवं असं नाही. बाळंतपण लांबलं, लग्न पुढे गेलं, प्रवासाचा बेत खरोखर वाढला, हेही चालतं. फक्त ते तात्पुरतं असावं, त्याला शेवट असावा. नोकरी शोधतोय, काम करतोय, असा वास जरी आला तरी पर्यटकाचा अर्ज तिथेच बसतो. आणि नातवंड सांभाळायला थांबल्या आहेत असं लिहिणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा. नातवाला भेटायला येणं वेगळं आणि पाळणाघराच्या जागी आजी ठेवणं वेगळं, असा फरक अधिकारी करू शकतो.

प्रवासविम्याची मुदत याच दिवशी वाढवून टाका. मुक्काम वाढला आणि विमा संपला, अशा अवस्थेत परदेशातलं एक इस्पितळ घर धुऊन नेऊ शकतं. चालू पॉलिसी संपल्यावर वाढवता येईलच, असं धरून चालू नका.

सीमेपलीकडे जाऊन परत येणं

हा सल्ला प्रत्येक ओळखीच्या घोळक्यात एक जण देतोच: शेजारच्या देशात दोन दिवस जाऊन या, नवा शिक्का मिळेल. काही ठिकाणी हे पूर्वी सर्रास चालायचं. आता अधिकारी मागचे सगळे प्रवेश पडद्यावर बघतात. शेंगेनचा हिशेब वर बघितलाच, तिथे याचा काडीचा उपयोग नाही. अमेरिकेतून कॅनडात किंवा मेक्सिकोत ३० दिवसांच्या आत जाऊन आलात तर जुन्याच आय-९४ वर, जुन्याच तारखेपर्यंत परत घेतलं जाऊ शकतं. आणि कुठल्याही देशात दारातला अधिकारी 'तुम्ही इथे पर्यटक म्हणून येताय की राहायला?' असं विचारू शकतो आणि परत पाठवू शकतो. घरी कुणी आजारी असताना, सामान सगळं आत असताना, बाहेर अडकून पडायची जोखीम घेऊ नका.

मुदत उलटली तर

अमेरिकेत एक दिवस जरी जास्त राहिलात तरी ज्या व्हिसावर गेलात तो सहसा रद्द धरला जातो, मग त्यावर २०३१ लिहिलेलं असो नाही तर २०३५. पुढचा व्हिसा साधारणपणे आपल्या मायदेशातच मागावा लागतो. १८० दिवसांहून जास्त, पण वर्षापेक्षा कमी बेकायदा राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं परत जाता येत नाही. वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. हा नियम १९९६ च्या कायद्यानं आला.

ऑस्ट्रेलियात व्हिसा संपून २८ दिवसांपेक्षा जास्त झाल्यावर निघालात तर तात्पुरत्या व्हिसासाठी तीन वर्षांची बंदी लागू शकते. ब्रिटनमध्ये ३० दिवसांपेक्षा जास्त ओव्हरस्टे करून आपल्या खर्चानं, आपणहून निघालात तर एक वर्ष. आपणहून न निघता हकालपट्टी झाली तर ती कितीतरी जास्त.

काही देशांत रोजचा दंड आहे. थायलंडमध्ये दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००. इंडोनेशियात दिवसाला दहा लाख रुपिया, आणि ६० दिवसांपुढे दंड भरून सुटका नाही, हद्दपारीच. अमिरातीत दिवसाला ५० दिरहम. हे आकडे वाचून 'दंड भरला की झालं' असं वाटतं, म्हणून थायलंडचा पुढचा नियम सांगतो. ९० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत ओव्हरस्टे करून माणूस स्वतः विमानतळावर हजर झाला, दंड भरला, तर एक वर्षाची बंदी. तेवढेच दिवस राहिलेला माणूस रस्त्यावर तपासणीत पकडला गेला, तर पाच वर्षांची.

म्हणून मुदत उलटल्याचं लक्षात आलं की लपून बसू नका आणि आज-उद्या करत दिवस घालवू नका. उशीर थोडा असेल आणि कारण खरंच मोठं असेल, तर अमेरिकेसह बरेच देश उशिराचा अर्जही विचारात घेऊ शकतात. तिथल्या इमिग्रेशन वकिलाला गाठा, एका बैठकीची फी द्यायला मागेपुढे पाहू नका. कारण तितकं मोठं नसेल तर लवकरात लवकर तिकीट काढा आणि निघा. 'पासपोर्ट द्या, शिक्का मारून आणतो' म्हणणाऱ्या दलालाच्या हातात पासपोर्ट देऊ नका. खोटा शिक्का हा गुन्हा आहे आणि तुरुंगात जाते ती पासपोर्टावर जिचं नाव असतं ती व्यक्ती. पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या फॉर्मवर 'कधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का?' असा प्रश्न येऊ शकतो. तिथे खरं उत्तर लिहा. दहा दिवसांचा ओव्हरस्टे कागदपत्रांसह समजावता येतो, तो लपवण्यासाठी लिहिलेलं खोटं मात्र आयुष्यभर फाइलवर राहतं.

सगळ्या जगावरच संकट येतं तेव्हा नियम वाकतात. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपचं आकाश बंद केलं, लाखो प्रवासी अडकले. २०२० मध्ये महासाथीत कित्येक देशांनी अडकलेल्या परदेशी लोकांची मुदत आपोआप वाढवली. पण त्याही वेळी काही देशांत ऑनलाइन अर्ज करावाच लागला. विमान रद्द झाल्याचा मेल, विमान कंपनीचं पत्र, त्या दिवशीची तिकिटाची पावती, हे सगळं जपून ठेवलेलं अशा वेळी कामाला येतं. 'सगळ्यांना माहीतच आहे' हा पुरावा होत नाही.

मावशीचा अर्ज ६ ऑक्टोबरला गेला. पावती ऑनलाइन खात्यात लगेच दिसली, कागदावरची नंतर पोस्टानं आली. १४ तारीख उलटली त्या रात्री मावशीला झोप लागली नाही. "पोलीस येतील का रे?" असं तिनं फोनवर विचारलं, ते आठवून अजून पोटात कालवतं. सत्तरीची बाई, मोडक्या खुब्यासकट, परक्या देशात एका तारखेला घाबरून जागी होती. मी तिला पावतीचा नंबर वाचून दाखवायला लावला. "मावशी, हा नंबर आहे ना, तोवर तू नियमातच आहेस." तिनं तो नंबर देवाच्या फोटोखाली ठेवला.

२ डिसेंबरला ती निघाली, ठरलेल्या तारखेच्या आधीच. निर्णय तोपर्यंत आलेला नव्हता. विमानतळावर कुणी काही विचारलं नाही. अर्जाची पावती, डॉक्टरांचं पत्र आणि इस्पितळाची बिलं बहिणीनं एका निळ्या फोल्डरमध्ये घालून दिली होती; बोर्डिंग पास आणि परत आल्याचा शिक्का असलेल्या पानाची प्रत घरी आल्यावर त्यातच गेली.

दोन वर्षांनी मावशी पुन्हा लेकीकडे गेली. तिथल्या काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं पडद्याकडे बघून विचारलं, "मागच्या वेळी साडेसात महिने का थांबलात?" मावशीनं पिशवीतून निळं फोल्डर काढलं आणि सगळ्यात वर ठेवलेली पावती त्याच्यापुढे सरकवली. त्यानं ती वाचली, "आता पाय कसा आहे?" असं विचारलं आणि शिक्का मारला. मावशी बाहेर आली, सामान घेण्याआधी एका खुर्चीत बसली आणि बहिणीला फोन करून म्हणाली, "आय-९४ उघड गं. तारीख बघून ठेवू."